खिडकीपाशी उभं राहायला शिकवणाऱ्या मुजावर बाई

रशिदा मुजावर बाईंची आणि माझी पहिली ओळख समोरासमोर झाली नाही. मी कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या, दुकानात कामाला होतो, बाई सांगलीत खणभागातल्या आपल्या घरी होत्या, आणि आमच्या मधे होता एक अडकलेला प्रोग्राम.

दुकानात सोन्याचा कस तपासायचं एक यंत्र होतं. त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर चालता चालता एकदम गप्प बसायचा. शेठ म्हणायचे, बंद करून चालू कर. मी करायचो. पण तो गप्प का बसतो हे काही डोक्यातून जाईना. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. मोबाईल दुरुस्ती करता करता, व्हिडिओ बघत बघत थोडंफार प्रोग्रामिंग उचललेलं. शोधता शोधता 'माग' नावाचा डीबगर सापडला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं हत्यार. हे हत्यार सांगलीच्या एका बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तयार केलेलं होतं आणि कुणालाही फुकट वापरायला ठेवलेलं होतं. त्याच्या चर्चेच्या पानावर सगळे इंग्रजीत लिहीत होते. मी मराठीत लिहिलं, "प्रोग्राम अडकतोय. काय करू?"

कुणीतरी खाली हसण्याचं चित्र टाकलं. मग बाईंचं उत्तर आलं. "का अडकतोय ते नंतर बघू. कुठे अडकतोय ते आधी सांगा."

'सांगा' म्हणाल्या. तोवर मला कामाच्या ठिकाणी कुणी अहोजाहो केलेलं नव्हतं, त्यामुळे हे दुसऱ्याच कुणाला लिहिलंय असं मला आधी वाटलं.

कुठे अडकतोय ते मला सांगता येईना. 'माग' प्रोग्रामच्या आतलं सगळं दाखवायचा. पण प्रोग्रामने सिस्टिमकडे काही मागितलं, म्हणजे फाईल उघडून दे, हे वाचून दे असं काही, की तिथून पुढे अंधार. या मागण्यांना सिस्टिम कॉल म्हणतात. त्यांच्यावर नजर ठेवायची सोयच 'माग'मध्ये नव्हती. बाईंना तसं लिहिलं.

"बरोबर, ती सोय नाही. तुम्ही घालता का?"

"मी?"

"अडलंय कुणाचं?"

ही चेष्टा आहे का मला जोखतायत, हे मला कळलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही. पण मी ते काम अंगावर घेतलं.

बाई यंदा साठ वर्षांच्या होतायत. सांगलीच्या तंत्रनिकेतनातून त्या निवृत्त होतील. त्यांचे विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढतायत आणि त्याचं संपादन प्रशांत जाधव करतोय. प्रशांत तासगावचा, बेदाणे वाळवायच्या शेडवाल्यांच्या घरातला, बाईंचा जुना विद्यार्थी. त्याने पुण्याची नोकरी सोडून सांगलीत लहानसं ऑफिस काढलंय. ग्रंथात लिहिणारे बाकी सगळे इंजिनीअर आहेत. त्यांच्यात माझा लेख कशाला, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "बाईंनी सांगितलंय. मला इचारू नगं."

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती न सांगता हा लेख लिहिणं मला जमणार नाही. निवृत्तीच्या आधी बाईंनी 'माग'ची कामं आपल्या माणसांत वाटून दिली. सिस्टिम कॉलचा भाग कुणी सांभाळायचा, हे राहिलं होतं. बाईंनी फोन करून मला विचारलं, "सांगलीला येऊन हे सांभाळशील? प्रशांतच्या ऑफिसात तुला काम आहे. हो म्हण किंवा नाही म्हण, पण काहीतरी म्हण." मी म्हणालो, विचार करून सांगतो. ते अजून सांगितलेलं नाही. हा लेख लिहीत असतानाही माझं ठरलेलं नाही.

आता बाईंच्या कामाविषयी. मी कोइमतुरात बसून त्या सोयीचं पहिलं रूप लिहिलं. माझ्याकडे ते चाललं. प्रोग्राम काय मागतोय आणि त्याला काय मिळतंय ते ओळीने दिसायला लागलं. दुकानातलं कोडं त्यातच सुटलं. पावती छापायचं मशीन शेठनी कधीच काढून माळ्यावर टाकलं होतं. कुणाचा हात चुकून पावतीच्या बटणावर पडला की प्रोग्राम त्या मशीनच्या उत्तराची वाट बघत बसायचा. शेठना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढे दिवस बोलला का नाही?" मी म्हणालो, तो बोलतच होता, आपल्याला ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय.

पण बाईंकडे हीच सोय उलटी चालायची. उत्तर आधी, प्रश्न नंतर. फाईल उघडायच्या आधीच उघडून मिळाली म्हणून दाखवायची. मी दहा ठिकाणी बदल करून बघितले. प्रशांतने बघितलं, त्यालाही थांग लागेना. एका हुशार मुलाने पानावर लिहिलं, "यात काय, सोपं आहे." बाईंनी त्याला उत्तर दिलं, "सोपं असतं तर याने विचारलं नसतं आणि मी उत्तर दिलं असतं. मलाही कळत नाहीये." इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर 'मलाही कळत नाहीये' असं लिहितात, हे मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाचलं. मला न कळण्याची सवय होती, पण ते असं उघडं मांडता येतं हे माहीत नव्हतं.

त्या वर्षी यात्रेला माण तालुक्यातल्या माझ्या गावी, दहिवडीला आलो, तेव्हा एस.टी.ने सांगली गाठली आणि बाईंच्या घरी गेलो. बाईंचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते मार्केट यार्डातले हळद, गूळ तोलायचे काटे दुरुस्त करतात. त्यांच्या कामाच्या खोलीला गल्लीकडे एक खिडकी आहे. गिऱ्हाइकाने आत यायचं नाही. काटा खिडकीतून द्यायचा, थांबायचं, झाला की घेऊन जायचं. चाचांच्या हत्यारांना बाईसुद्धा हात लावत नाहीत.

बाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणजे प्रोग्राम. चाचा म्हणजे सिस्टिम. आणि तू डीबगर. जा, खिडकीपाशी उभा राहा."

"आवं बाई, मी कॉम्प्युटरवर बसतो की."

"कॉम्प्युटरवर बसून झालंय आपलं. उभा राहा. पण खिडकीकडे पाठ करून."

आमच्या सोयीची खरी अडचण अशी होती. प्रोग्राम मागणी घेऊन सिस्टिमकडे गेला की सिस्टिम डीबगरला खूण करते. मागणी पुरी होऊन प्रोग्राम परत निघाला की पुन्हा खूण करते. पण दोन्ही खुणा अगदी सारख्या. ही जातानाची की येतानाची, हे ती सांगत नाही. ते आपण ध्यानात ठेवायचं. आता नव्या सिस्टिममध्ये तसं विचारून घेता येतं, पण गलाईच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती सोय नव्हती, आणि बाईंचं म्हणणं, "जुनं यंत्र वापरणाऱ्यालाच डीबगर जास्त लागतो. त्याला सोडून पुढे जायचं नाही."

तर मी पाठ करून उभा. गिऱ्हाइकाने काटा दिला की चाचा पान्याने गजावर ठकठक करायचे, काटा परत नेला की पुन्हा तशीच ठकठक. मी ओरडायचं, 'आला' किंवा 'गेला'. सुरुवातीला सगळं बरोबर. गल्लीतले लोक बघायला थांबले. एक गूळवाले म्हणाले, "चाचा, पोरगं कुठलं आणलंय? राखणीला का?"

"माणातलं हाय. डीबगर हाय त्यो," चाचा म्हणाले. त्यांना शब्द पाठ झाला होता.

मधेच बाईंनी आतून चहाला हाक मारली. मी आत गेलो. परत येऊन उभा राहिलो, ठकठक झाली, मी ओरडलो, "गेला!" तर मागून कुणीतरी म्हणालं, "आवं आत्ता तर आलोय, जायला कशाला सांगताय?" त्यानंतर माझं जे उलटं सुरू झालं ते सरळ होईना. चाचा हसून हसून खाली बसले. "अरे, येणाऱ्याला चला म्हणतोस, जाणाऱ्याला या बसा म्हणतोस! गिऱ्हाईक तोडशील माझं!"

गल्ली हसत होती. मी आणखी गोंधळलो, कारण मोजण्यात मी कुठे चुकलो हेच मला कळेना. बाई मात्र हसत नव्हत्या. चहाची कपबशी हातात तशीच धरून त्या उभ्या होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "तू चहाला गेलास तेव्हा खिडकीवर कोण होतं?"

"एक जण काटा देऊन थांबलेला."

"आणि तू आल्यावर?"

"तो नव्हता. गेला असंल."

"तू नसताना गेला. तुझ्या डोक्यात मात्र तो अजून खिडकीवरच उभा आहे."

मला एकदम उमगलं असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी पुन्हा बोटांवर 'आला', 'गेला' मोजायला लागलो. मग बाईंनी सांगितलं की त्या 'माग' वापरताना नजर ठेवायची सोय मधेच बंद करतात, प्रोग्राम थोडा मोकळा पळू देतात आणि पुन्हा चालू करतात. माझी तशी सवय नव्हती. मी एकदा चालू केली की शेवटपर्यंत चालूच ठेवायचो. म्हणून माझ्याकडे सरळ आणि त्यांच्याकडे उलटं. प्रोग्राम मोकळा सोडताना 'तो आत आहे' ही जुनी खूण आपण पुसतच नव्हतो.

ती पुसायला अगदी थोडं लिहावं लागलं. बाईंनी कळफलकाला हात लावला नाही. मला चार वेळा चुकू दिलं, पाचव्यांदा चाललं. मग त्या म्हणाल्या, "आता मला समजावून सांग, मी विसरले असं समज." ते समजावताना मी पुन्हा अडखळलो. त्यांनी माझं ते अडखळतं बोलणंच लिहून घेतलं आणि 'माग'च्या मराठी माहितीत जवळपास तसंच घातलं. ती माहिती वाचून आता लांबलांबची मुलं मला प्रश्न विचारतात. त्यांना वाटतं, हे लिहिणारा कुणीतरी मोठा जाणकार असेल.

बाईंचा चांगुलपणा सांगायचा तर एकच गोष्ट सांगतो. मी एका जागी टिकणारा माणूस नाही. पुढे मी गलाईचं दुकान सोडलं, सुरतेला गेलो, तिथूनही निघालो, पुन्हा कोइमतूरला आलो आणि आता एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे. या सगळ्यात 'माग'चं काम अर्धवट टाकून मी बरेच महिने कुणाला उत्तरच दिलं नाही. कसं तोंड दाखवायचं या विचारात असताना बाईंचा निरोप आला. "तुझं अर्धं काम तसंच ठेवलंय, कुणाला हात लावू दिलेला नाही. वेळ मिळेल तेव्हा तिथून पुढे." कुठे होतास, का गेलास, काही नाही. रागवल्या असत्या तर मला बरं पडलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

आता प्रशांतचं. लेखासाठी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "बाईंनी मला का धरलंय, मला काय कळत न्हाई."

"मला बी कळत न्हाई," तो म्हणाला. "खरं सांगू का गड्या, राग मानू नगं. डिग्रीचं काय न्हाई. तू टिकत न्हाईस. आज हाय, उद्या न्हाई. लोकं अडल्यावर इचारतील, तवा तू कुठल्या गाडीत बसला आसशील?"

"मग बाईंना सांग की तसं."

"सांगितलं."

"काय म्हणल्या?"

"म्हणल्या, तो जातो हे खरं, पण जाताना प्रश्न संगती घिऊन जातो. आता ह्याच्यावर मी काय बोलू?"

हे खरं आहे का, ते मला सांगता येत नाही. सुरतेला असताना मी 'माग'चा विचार करत होतो का? करत असेन. साड्यांच्या गाठी उचलताना एखादा सिस्टिम कॉल अर्ध्यावर तुटला तर काय होत असेल, असं मनात यायचं, हे आठवतं.

तो प्रश्न अजून तसाच आहे. प्रोग्राम सिस्टिमकडे काही मागत असताना मधेच दुसरी हाक येते, मागणी अर्ध्यावर तुटते आणि सिस्टिम तीच मागणी परत सुरू करते. मग ती एक धरायची का दोन? आमचा डीबगर कधी एक दाखवतो, कधी दोन. मागच्या आठवड्यात मी बाईंना हे विचारलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही रे. बसून बघायला पाहिजे."

'बसून बघायला पाहिजे' हे फोनवर होणारं काम नाही, एवढं मात्र मला कळलं.

तेव्हा बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी या ग्रंथात सगळ्यांसमोर देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी येतो. लेख लिहिता लिहिताच ठरलं, आणि इथल्या दुकानात सांगूनही टाकलंय. प्रशांतला धास्ती आहे, त्याच्यापेक्षा मला जास्त आहे. मी किती टिकेन, मला माहीत नाही. तुम्ही मला का निवडलंत हे तर अजिबातच कळलेलं नाही, आणि तुम्हीही ते सांगायच्या भानगडीत पडू नका.

बाईंची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो, असं इतर सगळे लिहितील आणि ते मनापासून लिहितील. मीही तेच मागतो, पण त्यात माझा स्वार्थ आहे. एक धरायची का दोन, हे अजून ठरायचंय. ते ठरलं की त्याच्या पोटातून दुसरं काही निघेल, आणि ते मला कळणार नाही. तेव्हा विचारायला बाई पाहिजेत.