सी लमीनच्या गिरणीवरचं आकाश

स्फाक्स शहरात कॅमेरे बसवणारे पुष्कळ. पण त्यांचं चित्रण साठवायला डिस्क किती लागेल आणि ते वाहून न्यायला इंटरनेटची लाइन किती हवी, हे आधीच सांगायचं म्हटलं की लोक रौदाला बोलवायचे. ती यायची, भिंतीला टेकून उभी राहायची आणि नुसती बघत राहायची. धंद्यातली गोम तिला बंदरावरच्या नोकरीतच कळली होती. कॅमेरा सगळं पुन्हा पुन्हा लिहीत नाही, मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहितो. मुकी भिंत जवळजवळ फुकटात पडते, वाहता चौक मात्र डिस्क खाऊन टाकतो. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा आई म्हणाली होती, "लोक भिंती बांधून पोट भरतात. तू भिंतींकडे बघून भरणार?"

भरलं मात्र. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

सी लमीनची, म्हणजे लमीनशेठची, ऑलिव्हच्या तेलाची गिरणी शहराबाहेर, झाडांच्या मधोमध होती. रौदा तिथे पाहणीला गेली ती भर उन्हाळ्यात. गिरणी बंद, अंगण तापलेलं, पानसुद्धा हलत नव्हतं. हंगामात ट्रक येतील, पोती उतरतील, माणसं धावतील, सगळं तिने हिशेबात धरलं. वाऱ्याने हलणारी झाडंही धरली. महिनाभराचं चित्रण राहील एवढी डिस्क आणि सी लमीनला घरबसल्या सगळं दिसेल एवढी लाइन तिने सांगितली. वर थोडी मोकळीकही ठेवली.

हिवाळा लागला, गिरणी सुरू झाली आणि सी लमीनचा फोन आला.

"मदाम रौदा, महिना कितीचा असतो हो तुमच्याकडे?"

"का, काय झालं?"

"माझ्या डिस्कवर चार दिवस कमी भरतात. आणि रोज सूर्य कलला की घरी चित्र अडकतं. रोज, त्याच वेळेला. हे आपोआप होत नाही. कोणीतरी करतंय."

"कोण करेल?"

"त्या वेळेला अंगणात असतो कोण? ख्मायेस. तीस वर्षं माझं मीठ खाल्लंय त्याने, म्हणून अजून तोंड उघडलेलं नाही मी."

ख्मायेसकाका गिरणीचा म्हातारा राखणदार. पाहणीच्या दिवशी त्याने तिला ताज्या भाकरीबरोबर तेल आणि हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, खायला घातली होती. आपला अंदाज चुकला म्हणून भल्या माणसावर आळ यावा, हे तिला सोसेना. ती दुपारीच गिरणीवर गेली.

वायर तपासली, जोडण्या तपासल्या. सगळं जागच्या जागी. मग ती पडद्यासमोर बसून प्रत्येक कॅमेऱ्याचा भार बघू लागली. पोती उतरत होती, माणसं ओरडत होती, तरी आकडे तिच्या अंदाजातच होते. ऊन पिवळं झालं तसे अंगणातल्या चार कॅमेऱ्यांचे आकडे फुगायला लागले. दुप्पट झाले, चौपट झाले, चढतच राहिले. अंगण तर रिकामं होत चाललं होतं. ट्रक गेले होते, मजूर हात धूत होते. तिला काही उमगेना.

ती बाहेर आली. ख्मायेसकाका पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन उभा होता.

"काका, इथे काय हलतंय?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती झोपेतून उठून आली आहे. "पोरी, वर बघ की."

तिने वर बघितलं.

ज़र्ज़ूर आले होते. आपल्याकडच्या भोरड्यांचे हे जातभाई, हिवाळ्यात समुद्र ओलांडून येतात आणि ऑलिव्ह खातात. शहरात तिने मावळतीला त्यांचे चार ठिपके बघितले होते, एवढंच. इथे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाश जिवंत झालं होतं. थवा ताणला जाई, पातळ होई, मग कोणीतरी मुठीत धरल्यासारखा एकदम काळा आणि घट्ट होई. तो वळला की डोक्यावरून लाटेसारखा आवाज जाई, आणि लाखो पंखांचा वारा गालाला लागे. कुणी कुणाला धडकत नव्हतं. कुणी पुढारी नव्हता. रौदाचे हात खाली लोंबत राहिले.

"हे सगळं लिहायचा प्रयत्न करतोय बिचारा," ती पुटपुटली.

"कोण गं?"

"कॅमेरा. एकेक पाखरू, एकेक वळण. ह्याला कुठली डिस्क पुरणार, काका?"

ख्मायेसकाकाने डबा न वाजवता खाली ठेवला. "मी रोज वाजवतो. ती रोज येतात. मालकाला वाटतं मी हाकलतो. खरं सांगू? एवढ्यांना कोण हाकलणार. मीही बघतच बसतो."

रौदाने तिथूनच सी लमीनला फोन लावला. "उद्या मावळतीच्या आधी या. तुमचा चोर दाखवते."

तो आला, तिने त्याला अंगणाच्या मधोमध उभं केलं. आधी त्याने सवयीने पाखरांना शिव्या घातल्या. "ऑलिव्ह खाल्लं ते खाल्लं, आता डिस्कपण खातात." मग थवा गिरणीवरून वळला, आणि तोही वर बघू लागला. साठ वर्षं तो ह्या पाखरांचा वैरी होता. मान वर करून उभा राहायला त्याला वेळच मिळाला नव्हता. शेवटी त्याने टोपी काढली आणि तो हळूच म्हणाला, "सुभानल्लाह. हे रोज असतं?"

"हिवाळाभर," ख्मायेसकाका म्हणाला.

"आणि मी तुझ्यावर..." सी लमीनने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ख्मायेसकाकाला कशाबद्दल ते कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

चूक आपली आहे, असं रौदाने सरळ सांगितलं. उन्हाळ्यात बघून हिवाळ्याचा अंदाज केला होता. तिने कॅमेरे खाली झुकवले, चित्रात उरलेल्या आकाशावर काळी पट्टी टाकली, आणि स्वतःहून आणखी एक डिस्क जोडून दिली. महिना पुरा भरू लागला, घरचं चित्रही अडकेनासं झालं.

एका कॅमेऱ्याला मात्र सी लमीनने हात लावू दिला नाही. "तो राहू द्या. त्याला हवं तेवढं लिहू दे," तो म्हणाला.

पुढे रौदा कुठेही पाहणीला गेली की भिंती आणि फाटकं बघून झाल्यावर तिथल्या जुन्या माणसाला गाठायची आणि विचारायची, "तुमच्या आकाशात वर्षभर काय काय येतं?" पुष्कळ लोक हसायचे. काही जण मात्र खुर्ची ओढून बसायचे आणि सांगायला लागायचे. रौदा कामाची घाई विसरून ऐकत राहायची.