चुकीच्या जागी पडलेला गुलाल

किसनच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. मंचरच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात सकाळपासून त्याची वाट बघत होतो. मला न विचारता त्यानं एका बटणाचा रंग बदलला होता आणि आज त्याला सोडायचा नाही, असं ठरवूनच मी आलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... झोपेतच." महिना होत आला. ते भांडण राहिलं ते राहिलंच, आणि खरं सांगतो, मला त्याचाच जास्त राग येतो.

किसन अवसरी बुद्रुकचा. आजोबांपर्यंत मेंढरं, वडिलांपासून शेती, आणि हा पठ्ठ्या कॉम्प्युटरवर. कॉलेजात आम्ही एका बाकावर, पुढं पुण्यात एकाच कंपनीत. वेबसाइटच्या आतलं यंत्र मी जुळवायचो, तो तिचं तोंड रंगवायचा. एक दिवस दोघंही नोकरीला कंटाळलो आणि मंचरला गाळा घेतला. घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. पहिलं मोठं काम मिळालं ते बेल्ह्याच्या बाजारात जनावरं आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या एका गटाचं. टेम्पो लावायची जागा त्यांना मोबाइलवरून आधीच नोंदवता यायला हवी होती. हे जमलं तर आसपासची कामं येणार होती, फसलं तर गाळ्याला कुलूप आणि परत पुणं. किसनला परत पुणं नको होतं. "मला हितंच ऱ्हायचंय," म्हणायचा.

मी पीएचपीच्या एका फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यात, फॉर्म बांधला. कुणी नंबर चुकवला किंवा गाव लिहायचं विसरलं की फ्रेमवर्क फॉर्म परत पाठवायचं, चुकलेल्या रकान्याची चौकट लाल व्हायची आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजी वाक्य उमटायचं. जगभर असंच असतं. पहिल्या बाजाराला आम्ही हौसेनं फाटकावर जाऊन उभे राहिलो, तर तिथं ही रांग... टेम्पो अडकलेले, म्हशी ओरडतायत, आणि निम्म्या लोकांची नोंदच नाही. एका पागोटेवाल्या व्यापाऱ्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर लाल चौकटींचा फोटो जपून ठेवलेला.

"न्हाई कशी? हे बगा की, लाल झालंय. गुलाल पडला म्हंजी सौदा पक्का."

बेल्ह्यात विकलेल्या जनावराच्या पाठीवर गुलाल टाकतात. मग त्याला कुणी हात लावत नाही. लाल चौकट दिसली की सगळी मंडळी काम झालं समजून निर्धास्त घरी जेवायला गेली होती. माझं डोकं फिरलं. किसन मात्र तिथंच धुळीत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "राव, त्यांचं काय चुकलं? आपुनच नको त्या जनावराला गुलाल लावला."

गटाच्या लोकांनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली, तीही तोंड वाकडं करून. किसन चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून बसला. चुकलेल्या रकान्याचा लाल रंग त्यानं पुसून टाकला, तिथं जाड काळी तुटक रेघ ओढली आणि सगळं बरोबर भरलं की अख्खं पान गुलाली होईल असं केलं. इंग्रजी वाक्यं काढून त्यानं आपली लिहिली: 'पावणं, गावाचं नाव राहिलं.' 'भाऊ, नंबरात एक आकडा कमी आहे.' मी म्हटलं, अरे, ही वेबसाइट आहे, लग्नाचा मांडव नव्हे. तो म्हणाला, "दारात आलेल्याशी नीट बोलावं मानसानं." वादात तो मला कधीच जिंकू द्यायचा नाही. पुढच्या बाजाराला माणसं गुलाली पान मिरवत आत शिरत होती, आणि त्यानंतर आमच्या गाळ्यात पुण्याचा विषय निघाला नाही.

तो गेल्यावर मात्र जो भेटेल तो एकच विचारतो, "आता ऑफिस बंद करणार का?" मीही मनात तेच धरलं होतं. एकट्यानं करायचं कुणासाठी? परवा गटाला तसं सांगायलाच बेल्ह्याला गेलो. बाजार भरलेला. फाटकाजवळ एक म्हातारेबाबा टेम्पोला टेकून मोबाइलवर फॉर्म भरत होते. डोळे बारीक करून त्यांनी काळ्या तुटक रेघेखालचं किसनचं वाक्य वाचलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडं न बघता थेट मोबाइललाच म्हणाले, "लिवतो की राव, जरा दम धरा."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. सांगायला आलेलं तसंच गिळलं, बाबांशेजारी टेम्पोला टेकलो आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबलो.