दारावरचं 'शासन'

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा एका कचेरीतली जुनी डिझेल जीप लिलावात निघाली. ती मी घेतली. रोज शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकवायला जायचं आणि मागं टाकी जोडून माझ्या मोसंबीला पाणी ओढायचं, एवढंच डोक्यात होतं. दारावरचा 'शासन' हा शब्द नव्या रंगाखालूनही दिसायचा. खरवडायला वेळ नाही, असं मी सांगायचो. खोटं. लोक सलाम ठोकायचे, ते मला आवडायचं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात वाटेवरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं जीप अडवली. "सायेब, आड कोरडा पडलाय," म्हणत त्यानं टँकरचा अर्ज दिला. मी मास्तर आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी "बघतो" म्हणालो आणि अर्ज सीटखाली सारला. तो तिथंच राहिला.

आठवड्यानं भरलेली टाकी ओढत तिथून निघालो, तर बाया घागरी घेऊन धावत आल्या. म्हातारा ओरडत होता, "म्या म्हनलं नव्हतं का? सायबानं आनलं पानी!"

मी थांबलो नाही. आरशात पाहिलं, तर तो सलामाला उचललेला हात तसाच धरून उभा होता.