डाग्नीसाठी अर्ध्यावर आलेला झेंडा

इंगेलीसच्या प्राणिसंग्रहालयात सकाळी गेलं की आधी प्राणी दिसत नाहीत, नुसते त्यांचे आवाज येतात. खाडीवरचं धुकं कुंपणाला टेकून बसलेलं असतं आणि आत कुठेतरी मोर ओरडतो, गाढव कुरकुरतं. मग हळूहळू कान, शेपट्या, पाय बाहेर येतात. रविवारी तिकिटाच्या खिडकीशी मी बसते. इतकी वर्षं हे बघतेय, तरी दर वेळी वाटतं, आपण अजून अंथरुणातच आहोत.

इंगेलीस आणि तिचा नवरा आस्गर यांनीच हे सगळं उभं केलं. डुकरांच्या गोठ्यात माकडं आली, बटाट्याच्या शेतात लामा आले, आणि मधोमध डाग्नी, दोन वशिंडांची उंटीण. बर्फ पडत असला तरी ती बाहेरच उभी. इंगेलीसवर थुंकायची आणि आस्गर दिसला की त्याच्या खांद्यावर मान टाकायची. इंगेलीस त्याला विचारायची, "लग्न तुझं माझ्याशी झालंय की हिच्याशी?"

आमच्याकडे घरोघरी अंगणात झेंड्याची काठी असते. वाढदिवसाला झेंडा वर जातो, घरात कोणी गेलं की अर्ध्यावर येतो. इंगेलीस जनावरांच्या वाढदिवसालाही झेंडा चढवायची आणि गाव तिची टिंगल करायचं. अर्ध्यावर मात्र फक्त माणसासाठी, एवढं भान तिलाही होतं.

गेल्या वसंतात आस्गरच्या हृदयानं दगा दिला. शहरातल्या इस्पितळात त्याला ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, कसलाही धक्का बसता कामा नये. तो रोज संध्याकाळी फोनवर आधी डाग्नीची चौकशी करायचा, मग बायकोची.

आणि एका सकाळी डाग्नी उठलीच नाही. गाडी येऊन तिला घेऊन गेली. इंगेलीस रडली नाही. अंगणात गेली आणि झेंडा अर्ध्यावर आणला. हात आपोआप गेले, असं ती नंतर म्हणाली.

तासाभरात गाव दारात. बेकरीवाला दुकान बंद करून केक घेऊन आला, त्याच्या मागे त्याची बायको किर्स्टीना डोळे पुसत. चर्चची घंटा वाजवणारा टोपी काढून विचारायला लागला, घंटा केव्हा वाजवू? मीही लायलॅकची फुलं घेऊन उभी. इंगेलीसला काही कळेना, शेवटी कोणीतरी आस्गरचं नाव काढलं. "आस्गर? सकाळीच नर्सनं फोनवर सांगितलं, ओटची लापशी खातोय तो," ती म्हणाली. आम्ही सगळे वेड्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

मग तिनं डाग्नीचं सांगितलं आणि आस्गरच्या कानावर जाऊ देणार नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. केक खाऊन झाला, कॉफी झाली. फुलं रिकाम्या कुंपणाशी ठेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती फोनवर थापा मारायची. डाग्नीनं आज गवत नाकारलं, डाग्नी एका शाळेच्या मास्तरांवर थुंकली. एवढं रंगवून सांगायची की मीही धुक्यात कुंपणाकडे बघायचे, खरंच कोणी उभं आहे का म्हणून.

जूनमध्ये मीच आस्गरला गाडीतून घरी आणलं. तो घरात गेलाच नाही. इंगेलीसचा हात धरून सरळ कुंपणाकडे निघाला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आस्गर, आधी बस जरा. मला काहीतरी सांगायचंय."

"डाग्नी गेली, तेच ना?"

कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं तेव्हा तो हसला. कोणीच नाही. नर्स हसत हसत आली होती, तुमच्या गावच्या कोणी किर्स्टीना फोनवर रडत होत्या म्हणाली, झेंडा अर्ध्यावर दिसतोय, आस्गर कधी गेले असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिला. मी तर तिथे लापशी खात होतो, तो म्हणाला. मग इंगेलीसनं झेंडा कोणासाठी खाली आणावा? माणसाचा मान ती डाग्नीशिवाय दुसऱ्या कोणाला देणार?

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," इंगेलीस म्हणाली. "मग रोज विचारत का होतास?"

"तू इतकं छान सांगायचीस. फोन चालू असेपर्यंत ती जिवंत असायची."

इंगेलीस तेव्हा रडली. मलाही राहवेना, मी लामांकडे तोंड फिरवलं. आस्गर कुंपणाला टेकला आणि तिचं रडणं संपेपर्यंत थांबला.

"बरं," तो म्हणाला, "आज काय केलं तिनं?"

इंगेलीसनं नाक पुसलं आणि सांगायला लागली.