एक स्पीकर समोरच्या घरात

आमच्या मजल्यावरचे किस्से जुन्या चार्जरांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि कुणाला द्यावेत तर ज्याच्या त्याच्या घरी आधीच ढीग! तरी सांगते, कारण यंदा या किश्श्यांनी माझा जीव अगदी टांगणीला लावला होता.

पुण्याच्या पूर्व टोकाला, मांजरीतल्या एका नव्या सोसायटीत आम्ही राहतो. माझ्या एका बाजूला परांजपेकाका. आयुष्य सदाशिव पेठेत काढून इकडे आलेले, निवृत्त इंजिनियर. त्यांच्या बरोबर समोर वानखेडेकाका. अकोल्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. मांजरी ते हिंजवडी असा आठवडाभर प्रवास करणाऱ्या बाईला रविवारी शांतता हवी असते हो! मला मिळाले हे दोघं.

दोघांनी मिळून स्पीकरची जोडी बनवली होती. सुटे भाग बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतले, लाकूडकाम वानखेडेकाकांचं, सोल्डरिंग परांजपेकाकांचं. दर रविवारी सकाळी परांजप्यांच्या हॉलमध्ये बैठक. गाणं चालू असताना बोलायचं नाही. राजकारण, मेट्रो, पेट्रोल, सगळं रेकॉर्ड उलटताना.

एकदा एक पाहुणे ऐन आलापात म्हणाले, "याला ब्लूटूथ आहे का हो?"

परांजपेकाकांनी गाणं संपू दिलं. मग उठून दार उघडलं. "आहे. जिन्यात चांगलं पकडतं."

* * *

पुढे परांजपेकाकांनी परदेशी केबल मागवली. स्पीकरला जोडली आणि महिनाभर एकच पालुपद: "आता तंबोऱ्यात कशी हवा खेळते बघा!"

एका रविवारी ते डोळे मिटून ऐकत बसले होते. "अहाहा! ही हवा साध्या वायरीत नाही येत."

वानखेडेकाका म्हणाले, "आली ना! केबल कालच काढली मी. ही आमच्या जुन्या मिक्सरची वायर आहे."

आम्ही पोट धरून हसलो. परांजपेकाकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. हे महागात पडणार, असं मला तेव्हाच वाटलं.

* * *

आणि पडलंच! सोसायटीच्या ग्रुपवर वानखेडेकाकांनी एक गाणं टाकलं. खाली लिहिलं, "दुर्मिळ ध्वनिमुद्रण. असा गळा आता होणे नाही. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं." लोकांनी हात जोडले, फुलं वाहिली.

मग परांजपेकाकांचा मेसेज आला. "गायिकेचा जन्म गेल्या आठवड्यात, एआयच्या पोटी. डोळे पुसून घ्या."

झालं! हसऱ्या तोंडांचा नुसता पाऊस. त्याखाली एक ओळ, वानखेडेकाका ग्रुपमधून बाहेर पडल्याची. मी कंपनीच्या बसमध्ये होते.  तिथूनच परांजपेकाकांना फोन लावला.

"काका, डिलीट करा आधी ते!"

"खरं आहे ते कशाला डिलीट करायचं?"

"मिक्सरच्या वायरीचा सूड उगवलात ना?"

त्यांनी फोन ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी वानखेडेकाका परांजप्यांच्या हॉलमध्ये शिरले आणि जोडीतला एक स्पीकर उचलून चालू लागले. मी दारातच उभी. परांजपेकाकांनी थांबवावं की नाही? त्यांनी दार आणखी उघडून धरलं!

"जपून. चौकटीला लागेल."

"लाकूड माझंच आहे. लागलं तर लागलं."

समोरचं दार बंद झालं. मग परांजप्यांचंही.

* * *

त्यानंतर दोघंही मला स्वतंत्रपणे पटवत होते, की एकाच स्पीकरवर गाणं कसं एकवटून येतं. थापा नुसत्या! जुन्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला गाणं असतं.

परांजपेकाकू मला म्हणाल्या, "आमच्याकडे हल्ली नुसताच तबला. गाणाऱ्या बाई माहेरी गेल्यात."

मी हसले खरी, पण लिफ्टमध्ये दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे तेव्हा मी मजले मोजत राहायचे. एकदा लिफ्टपाशी एकटेच असताना वानखेडेकाका म्हणाले, "पोरगा बंगळूरला बोलावून राहिला. फ्लॅट विकतो आता."

"परांजपेकाकांना सांगितलंत?"

"कोण परांजपे?" ते म्हणाले. लिफ्टचं बटण मात्र उगाच दोनदा दाबलं.

मी तडक परांजप्यांकडे जाऊन सांगितलं. परांजपेकाका म्हणाले, "ज्याचा त्याचा प्रश्न." चहाचा कप हातात तसाच राहिला, वर साय धरली. मला रडू येत होतं आणि दोघांना एकेक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

* * *

रविवारी सकाळी एजंट एका जोडप्याला घेऊन आला. वानखेडेकाका इस्त्रीचा शर्ट घालून दारात.

बाईंनी विचारलं, "इथे शांतता असते ना? यांचं काम घरूनच चालतं."

तेवढ्यात समोरचं दार सताड उघडलं आणि तबला असा काही कोसळला की एजंटच्या हातातली किल्ली पडली. नुसता तबला! दारात परांजपेकाका, हाताची घडी घालून.

"अहो, हे रोज असतं?" बाई ओरडल्या.

"छे! पाहुणे आलेत म्हणून आज हळू ठेवलंय."

एजंट वानखेडेकाकांकडे वळला. "सर, तुम्ही तरी बोला ना यांना!"

 आता एक शब्द वाकडा गेला की संपलं. वानखेडेकाकांचा चेहरा लालबुंद.  परांजपेकाका जागचे हलले नाहीत.

वानखेडेकाका आत गेले. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. स्पीकर! त्यांनी तो ओढत उंबऱ्यापर्यंत आणला, त्याला फोन जोडून समोर चाललेलं तेच गाणं शोधून लावलं. गाणं मागे, तबला पुढे, नुसता गोंधळ. परांजपेकाकांनी आत जाऊन सुई उचलली आणि तिथूनच मान वळवून वानखेडेकाकांच्या फोनवरच्या बोटाकडे बघितलं. दोघांनी एकदमच सुरू केलं.

पाहुणे लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच गेले. एजंट त्यांच्या मागे.

वानखेडेकाकांनी कान जरा तिरका केला. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "परांजपे, तुमचा तबला लई जास्त होऊन राहिला."