टोपलीखालचा गडी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बास्केटबॉलमध्ये उंच माणसाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या हिंगोलीकडच्या कॉलेजांनी नव्वदच्या दशकातच निकालात काढला होता. त्याने टोपलीखाली हात वर करून उभं राहायचं आणि हाती आलेला चेंडू बुटक्यांना द्यायचा. टोपलीत टाकणं हा बुटक्यांचा मान.

कळमनुरीच्या संघातला असाच एक लांबोडा गडी सामन्याआधी मला हापशावर भेटला. "दोन वर्षं झाली, एकदा बी टाकू देईनात. आज टाकणार," एवढंच बोलला.

मेंढरं अडवायला उभं राहावं तसा तो खेळभर उभा राहिला. चेंडू दिला की तळहात चड्डीला पुसायचा. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना बुटक्याचा नेम हुकला आणि चेंडू याच्या हातात आला.

"इकडं दे बे!" सगळे ओरडले.

त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. जरासा उडाला आणि फळीवर डबा ठेवावा तसा चेंडू आत ठेवला.

सामना जिंकूनही त्यांचे सर तणतणत आले. "काहून टाकला रे? तुला काय सांगितलं होतं?"

सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तो बोलून गेला, "सर, तुमीच हात वर ठेव म्हणले. टोपली तिथंच व्हती."