ट्रंकबाईंची दोन शून्यं

दोन हजार तेरा साल. मी अडुसष्ट वर्षांचा. आमच्या शेजारच्या ट्रंकबाई माझ्याहून मोठ्या. त्यांचा फोन वाजला की त्या कधी "हॅलो" म्हणत नसत. "नंबर बोला!" असं खणखणीत म्हणत, मग पलीकडे सख्खी बहीण का असेना. सारी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे परगावचे ट्रंककॉल जोडण्यात गेलेली. रिटायर झाल्या तरी सवय सुटली नाही. जठारपेठेत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा ट्रंकबाईच म्हणायचा.

दुसऱ्याचं फोनवर बोलणं सुरू झालं की त्या उठून अंगणात जात. गल्लीतल्या बायका छेडायच्या, "बाई, साऱ्या अकोल्याची भानगड तुमाले माईत असन!"

"मी जोडत होती वं, आयकत नव्हती."

पण आता त्या कोणाला फोन लावून देत नसत. शिकवायला केव्हाही तयार, लावून देणार नाहीत. "लोकायसाठी लई लावले. आता ज्याचं बोट त्याचा नंबर."

माझी शाळा दुसरीतच सुटली. शेती केली, दोन लेकरं शिकवली, कोणापुढं वाकलो नाही. फोनपुढं मात्र वाकावं लागायचं. लेक वनिता जर्मनीत. तिला फोन मुलगा दिलीप त्याच्या मोबाइलवरून लावायचा. आधी पोटभर तोच बोलायचा, मग फोन माझ्या कानाला. "बाबांना लावता येत नाही," हे तो माझ्यादेखत तिला सांगायचा. मला ते मिरचीसारखं झोंबायचं.

वनिताचं पहिलं बाळंतपण ऑपरेशननं होणार, असं ठरलं. तिची आई तर राहिली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, दवाखान्यात निघायच्या आधी तुमचा आवाज ऐकायचाय."

"मी सोता लावतो," मी म्हटलं. "तू तिकून लावू नोको. वाट पाय फक्त."

दिलीप हसला. त्याच्या हसण्याचा मला असा राग आला, की ऑपरेशनच्या दिवशी तो बायकोपोरांना घेऊन चिखलदऱ्याला निघाला तेव्हा मीच म्हटलं, जा, माझं मी पाहतो.

तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. वनिता सातला निघणार. अकरा वाजता मी घरच्या फोनवर बसलो. आतली बाई गोड आवाजात सांगू लागली, या फोनवर परदेशाची सोय नाही. माझ्या मोबाइलवर तेच. मी चप्पल न घालताच ट्रंकबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन माझ्यासमोर सरकवला.

"माह्यावरून परदेशात लागते. लावा."

"बाई, आज तरी तुमी लावा. पोरगी निघून जाईन."

"लेक कोनाची? मंग बोट कोनाचं पायजे?"

असा संताप आला! पण बसलो. जर्मनीचा नंबर मला तोंडपाठ होता. दोन शून्यं, देशाचा आकडा, मग वनिताच्या गावचा, मग घरचा. फोन म्हणाला, हा नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घड्याळ पुढं सरकत होतं.

"गावच्या आकड्याआंदी शून्य काहून दाबून राह्यले?" बाईंनी विचारलं.

"काहून म्हंजे? अमरावतीहून अकोल्याले लावतानी लागते का नाई? तिथं जावयानंही शून्यासकटच सांगतला."

"थो तिथल्या तिथं लावते म्हनून. शून्य म्हंजे गावाची वेस. दोन शून्य म्हंजे देशाची वेस. देशाची वेस वलांडून आले, आता गावच्या वेशीत कायले अडकता? काढा थो शून्य."

मी शून्य काढलं. देश, गाव, घर. थोडा वेळ काहीच नाही, मग लांबून वेगळीच रिंग ऐकू आली. बाई अंगणात निघून गेल्या.

"बाबा?"

"मी बोलून राह्यलो."

"दादा कुठंय?"

"चिखलदऱ्याले. मीच लावला."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. गाडी दारात उभी होती, म्हणाली. मी म्हटलं, "घाबरू नोको. म्या इतक्या दूर लावला, तुले काय कठीन हाय?"

मी बाहेर आलो तेव्हा बाई तुळशीला पाणी घालत होत्या. काय बोललात, हे त्यांनी विचारलं नाही. "आता मोबाइल शिका," एवढंच म्हणाल्या. "शून्य दाबून धरा, अधिकचं चिन्ह उमटते. दोन शून्याचं काम थेच करते. मंग देश, अन् सरळ मानूस. मोबाइलले गाव नसते." अशाच वाक्यांनी त्यांनी मला शिकवलं. पुढं त्या अमरावतीला भाचीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. कचेरीतली इतकी वर्षं, पण एक फोन लावून न देण्याचा त्यांचा हट्ट मला त्या नोकरीहून मोठा वाटतो. त्यांनी त्या दिवशी लावून दिला असता, तर मी जन्मभर मागणाराच राहिलो असतो.

त्याच दिवशी संध्याकाळी जावयाचा फोन आला. नात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच तिथं उभा होतो. परदेशाची सोय घालून घेतली आणि थेट जुन्या शहरात गेलो. तिथं चहाच्या टपरीवर माझ्या वयाचे सगळे दोस्त बसतात. त्यांच्या मधोमध उभा राहून शून्य दाबून धरलं आणि दवाखान्यात जावयाच्या मोबाइलला लावला. त्यानं फोन बाळाजवळ नेला. मी आवाज मोठा केला. माझी नात जर्मनीत रडली आणि सारी टपरी फोनभोवती गोळा झाली.

"कोनं लावून देला बे?" एकानं विचारलं.

"म्या."

"अन् शिकवलं कोनं?"

मी आजवर कोणाला गुरू म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पलीकडच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "जठारपेठेतल्या ट्रंकबाईनं!"